हयात वारसांचे वाङ्मय : एलिनॉर झेलियट यांच्या कार्याकडे झाडीपट्टीतून पाहताना

एखाद्या भाषेच्या प्राचीन वैभवापुढे जगाने नतमस्तक व्हावे आणि त्याच भाषेच्या हयात वारसांकडे मात्र पाठ फिरवावी, हा अनुभव आधुनिक काळात ग्रीकांच्या वाट्याला आला. होमर, सोफोक्लीस, प्लेटो यांच्यावर युरोपातील विद्यापीठांनी ग्रंथांमागून ग्रंथ रचले. परंतु एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील ग्रीक माणूस कोणत्या बोलीत शोक करतो, कशाची गाणी गातो, याची चौकशी करावी असे त्यांतील फार थोड्यांना वाटले. ही उणीव मूठभर अभ्यासकांनी भरून काढली. फिलिप शेरार्ड (१९२२–१९९५) या इंग्रज अभ्यासकाचा अर्वाचीन ग्रीक कवींवरील ‘द मार्बल थ्रेशिंग फ्लोअर’ हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातील एडमंड कीली (१९२८–२०२२) यांच्यासमवेत त्यांनी कावाफी, सेफेरिस आदी कवींना इंग्रजीत आणले. सेफेरिस यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ग्रीक भाषा अद्याप जिवंत आहे ही वार्ता पुष्कळांना तेव्हा कळली.

१९५६ हे साल वाचताच आमच्या वाचकांच्या मनात निराळेच स्मरण जागे होईल. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबरला तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस धम्मदीक्षा दिली. ज्या देशात सद्धम्म केवळ लेण्यांत आणि ग्रंथालयांत उरला होता, त्या देशात त्याचे लक्षावधी हयात वारस निर्माण झाले. पण बौद्धविद्येच्या विद्वत्‌सभेने या घटनेची नोंद कशी घेतली? लंडनची पालि टेक्स्ट सोसायटी १८८१ साली स्थापन झाली. १९५६ पर्यंत तिपिटकाचा बहुतेक भाग रोमन लिपीत छापून झाला होता, त्यातील एकेका पाठभेदावर चर्चा झडत होत्या. परंतु ज्यांनी ते बुद्धवचन स्वतःच्या जगण्यासाठी स्वीकारले, त्या मराठी बौद्धांची गाणी, त्यांच्या पत्रिका, त्यांचे उच्चार हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे पालिच्या पंडितांना सुचले नाही. ग्रीक पंडितांनी ग्रीकांच्या बाबतीत जे केले तेच आम्ही पालिवाल्यांनी आमच्याच लोकांच्या बाबतीत केले. येथे ‘आम्ही’ हा शब्द उपचारापुरता योजलेला नाही.

ग्रीकांचा दृष्टान्त आम्ही दुरून ओढून आणला, असे कुणास वाटेल. तो तितका दूरचा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ वाचणाऱ्यास यवन राजा मेनान्दर परका नव्हे. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत त्याचे नाव कोरलेले आहे. कावाफी (१८६३–१९३३) या अर्वाचीन ग्रीक कवीची याच नाण्यांवर एक कविता आहे. भारतीय लिपीच्या बाजूने ओळख न पटलेला राजा, नाणे उलटताच ग्रीक वाचकास आपला वाटू लागतो, असा तिचा विषय आहे. कंदाहार येथे १९५८ साली सापडलेल्या अशोकाच्या ग्रीक लेखात ‘धम्म’ या शब्दासाठी ‘युसेबिया’ हा ग्रीक शब्द योजला आहे. म्हणजे धम्माला दुसऱ्याच्या भाषेत नेताना शब्द कोणता निवडावा, हा प्रश्न बावीसशे वर्षांपूर्वीही कुणाच्या तरी लेखणीपुढे उभा होता.

आता मूळ विषयाकडे येतो. शेरार्ड आणि कीली यांनी अर्वाचीन ग्रीकांसाठी जे केले, तत्सम कार्य आमच्या समाजासाठी करणाऱ्या विदुषीचे नाव एलिनॉर झेलियट. त्यांचा जन्म १९२६ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. त्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या होत्या. १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ‘डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ’ या विषयावरील प्रबंधासाठी त्यांना पीएच.डी. दिली. त्याच वर्षापासून १९९७ पर्यंत त्यांनी मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापन केले. ५ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काटेकोर अर्थाने साहित्याच्या नव्हे, इतिहासाच्या अभ्यासक होत्या, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या समाजापुरते बोलायचे तर त्यांच्या वारशातील सर्वांत टिकाऊ भाग वाङ्मयाचाच आहे, असे आमचे मत आहे, आणि प्रस्तुत लेखात ते मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

त्यांच्या प्रबंधाची कथाच मोठी बोलकी आहे. तो पूर्ण झाल्यावर पस्तीस वर्षे पुस्तकरूपाने आला नाही. संशोधक त्याच्या छायाप्रती काढून वाचत राहिले. २००४ साली तो प्रथम ग्रंथरूपात आला आणि २०१३ साली ‘आंबेडकर्स वर्ल्ड’ या नावाने पुन्हा निघाला. मधल्या काळात १९९२ साली त्यांचे निवडक लेख ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ या संग्रहात एकत्र झाले. आज आंबेडकरी चळवळीवर इंग्रजीत लिहिणारा क्वचितच कुणी असेल, ज्याला या दोन पुस्तकांना वळसा घालून जाता येईल.

या लेखांपैकी एकाजवळ आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत. ‘दलित : एका जुन्या मराठी शब्दाचा नवा सांस्कृतिक संदर्भ’ अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख १९७८ साली प्रसिद्ध झाला. एका शब्दावर लेख लिहावा ही गोष्ट पालिच्या विद्यार्थ्यास नवी नाही. आमचा अर्धा जन्म शब्दांच्या पोटात शिरण्यातच जातो. परंतु झेलियट यांनी शब्दाकडे पाहण्याची रीत आमच्याहून निराळी होती. ‘दलित’ हा शब्द १९३०च्या सुमारास सरकारी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून वापरात होता, पुण्यातून ‘दलित बंधू’ नावाचे पत्र निघत होते, आणि १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाल्यावर हाच शब्द एकदम वेगळ्या तेजाने तळपू लागला, हा प्रवास त्यांनी दाखविला. इतरांनी लादलेले नाव आणि स्वतः उचललेले नाव यांत भेद आहे, आणि तो भेद कोशात सापडत नाही, तो कवितेत, पत्रकात, सभेच्या ठरावात सापडतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आम्हांस वाटतो.

येथे पालिचा अभ्यासक म्हणून एक पुरवणी जोडण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. ‘दलित’ शब्दाच्या मुळाशी ‘दल्’ हा फुटणे, दुभंगणे या अर्थाचा धातू आहे. बाबासाहेबांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात ‘ब्रोकन मेन’, म्हणजे मोडून विखुरलेली माणसे, असा सिद्धान्त मांडला, तो या अर्थाशी जुळतो. पण पालित या धातूचे एक दुसरेही जीवन आहे. संयुत्तनिकायाच्या बोज्झंगसंयुत्तात ‘पदालेति’ हे क्रियापद येते, आणि तेथे जो फोडतो तो साधक असतो व जी फोडली जाते ती लोभाची, द्वेषाची, मोहाची रास असते, जी पूर्वी कधी फुटलेली नव्हती. कुणी फोडलेला मनुष्य आणि स्वतः फोडणारा मनुष्य, या दोहोंमधील अंतर म्हणजेच १९५६ नव्हे काय? झेलियट यांनी शब्दाचा सामाजिक प्रवास अचूक टिपला. धम्माच्या भाषेतील हा पदर त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात आला नाही. येऊ शकलाही नसता, कारण ते काम पालि जाणणाऱ्यांचे होते. आम्ही ते केले नाही. आमच्यातील काहींनी ‘दलित’ हा शब्द बौद्धाने वापरावा की वापरू नये यावर मात्र सभा गाजविल्या. तो वाद निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या शब्दावर एवढे रण माजले, त्याचा पालितील आढळ पाहण्यासाठी कोश उघडण्याची तसदी कितीकांनी घेतली, हे विचारण्याजोगे आहे.

झेलियट यांच्या पद्धतीचे दुसरे वैशिष्ट्य पुराव्याच्या निवडीत आहे. इतिहासकार साधारणतः सरकारी दप्तरे, आयोगांचे अहवाल, पुढाऱ्यांचा पत्रव्यवहार यांवर विसंबतो. झेलियट यांनी ती साधने वापरलीच. पण त्यांच्या शेजारी त्यांनी गाणी, कविता, जत्रेत विकल्या जाणाऱ्या चोपड्या आणि लोकांनी स्वतःविषयी सांगितलेल्या कथा आणून ठेवल्या. चोखामेळ्याच्या अभंगांकडे त्यांनी पुनःपुन्हा वळून पाहिले. बाबासाहेबांच्या पूर्वीच्या विदर्भातील कार्यकर्त्यांना, विशेषतः नागपूरचे किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांना, त्यांनी चळवळीच्या इतिहासात मानाचे स्थान दिले. बनसोडे हे कवी, पत्रकर्ते, शाळा काढणारे. त्यांच्या कवितेला मराठी समीक्षेच्या रूढ मापाने फारसे गुण मिळणार नाहीत. झेलियट यांनी ते माप लावलेच नाही. एक माणूस कोणत्या शब्दांत आपल्या जातबांधवांस जागे करीत होता, हे पाहण्यासाठी त्यांनी त्या कवितेकडे कागदपत्राच्या गांभीर्याने पाहिले. सौंदर्यदृष्टीने हा अन्याय आहे, असे कुणी म्हणेल. आम्हांस तो न्याय वाटतो, कारण जी कविता वाचलीच गेली नसती ती यामुळे वाचली गेली. मात्र या पद्धतीत एक धोका आहे, तोही नमूद केला पाहिजे. कवितेला सतत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले की ती कविता आहे याचा विसर पडतो. पँथरच्या पिढीच्या कवींना झेलियट यांच्या काही परिच्छेदांत असा त्रास सोसावा लागला आहे.

अनुवादाच्या बाबतीत त्यांची वर्तणूक अनुकरणीय होती. १९७८ साली एका अमेरिकी नियतकालिकात गेल ऑम्व्हेट आणि जयंत कर्वे यांच्यासमवेत त्यांनी दलित कवितेची ओळख करून दिली. १९८२ साली फिलिप एंगब्लोम यांच्यासह समकालीन मराठी कथा-कवितांचा विशेषांक संपादित केला. १९९२ साली मुल्कराज आनंद यांच्यासह दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह सिद्ध केला. या सर्व ठिकाणी सहकाऱ्याचे नाव त्यांच्या नावाच्या बरोबरीने छापलेले दिसते. ही गोष्ट लहान नाही. परदेशी पंडिताच्या ग्रंथामागे राबलेले देशी हात ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या नागपूरच्या आत्मकथनाचा ऑम्व्हेट यांनी केलेला अनुवाद २००१ साली अमेरिकेत निघाला, त्यालाही झेलियट यांची प्रस्तावना आहे. स्त्रियांच्या दलित कवितेवरही त्यांनी १९९६ साली स्वतंत्र लेख लिहिला. मराठी समीक्षेत या विषयाची वाट तेव्हा फारशी मळलेली नव्हती.

एवढे सांगून झाल्यावर, आम्ही ज्या भूमीवर बसून हे लिहीत आहोत तिच्याकडे पाहणे भाग आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे अरण्याचे जिल्हे. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. भद्रावतीजवळ विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. नागभीड तालुक्यातील देवटेकच्या शिळेवरील प्राचीन ब्राह्मी लेखाचा वा. वि. मिराशी यांनी अभ्यास केला आणि त्याचा संबंध अशोकाच्या धर्माज्ञांशी जोडला. म्हणजे धम्माच्या प्राचीन खुणांची येथे वाण नाही, आणि त्यांच्यावर लिहिणारेही पुष्कळ झाले. अर्वाचीन खुणांचे काय? १६ ऑक्टोबरच्या दीक्षासमारंभासाठी चंद्रपूरचे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे (१९२५–१९८४) यांनी पुढाकार घेतला. पुढे ते राज्यसभेचे उपसभापती झाले. त्या दिवशी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरून, बैलगाड्यांनी, पायी, आणि गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावरील छोट्या रुळांच्या गाडीने माणसे आली. झेलियट यांच्या प्रमुख ग्रंथांत या प्रदेशाला स्वतंत्र स्थान नाही. त्यांचा नकाशा मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर असा शहरांचा आहे. नागपूरच्या पूर्वेस, जेथे भाताची बांधी आणि साग-मोहाचे रान सुरू होते, जेथे दिवाळीनंतर मंडईत आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात, जेथे बौद्धांचा शेजार गोंड आणि माडिया यांचा आहे, तेथे त्यांची लेखणी पोहोचली नाही.

हा दोष त्यांच्या पदरी टाकण्याचा आमचा विचार नाही. एका व्यक्तीने किती करावे? शिवाय नेता, संघटना, वृत्तपत्र, परिषद या शहरी साधनांच्या आधारे त्या चळवळ समजून घेत होत्या, आणि ती साधने रानात विरळ असतात. परंतु त्यांच्याच पद्धतीने, म्हणजे गाणी आणि वह्या यांना पुरावा मानून, हा प्रदेश वाचता आला असता, आणि ते करणे येथे राहणाऱ्यांच्या हाती होते. आम्ही काय केले ते सांगतो. प्रसंग खासगी आहे. पण विषयास सोडून नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, विद्यापीठातून पालिची पदवी घेऊन नुकतेच अध्यापन सुरू केले असता, वर्षावासाच्या निमित्ताने आम्ही देसाईगंजजवळच्या, वैनगंगेकाठच्या एका गावी गेलो होतो. विहारात ग्रंथवाचन झाल्यावर एक वृद्ध उपासिका आपली वही घेऊन आमच्याकडे आल्या. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून त्या चांद्याला दीक्षेला गेल्या होत्या. वहीत त्रिसरण, पंचशील, काही परित्तपाठ आणि त्यांमागोमाग पन्नासेक गाणी होती : भीमाची, रमाईची, रोवणीच्या वेळी म्हणण्याची, आणि काही तर थेट दंडारीच्या चालीवरची. शेवटच्या पानांवर गावातून चांद्यास गेलेल्यांची नावे होती, कोण गाडीने गेले, कोण पायी, कोणाच्या शिदोरीत काय होते, यासह. आम्ही ही पाने उलटून मागे टाकली. आमचे लक्ष पहिल्या चार पानांवर खिळले होते. तेथे ‘सरणं’ ऐवजी ‘सरनं’ होते, ‘वेरमणी’ ऐवजी ‘वेरमनी’, आणि ‘समादियामि’ च्या जागी सर्वत्र ‘समाधियामि’. आम्ही खिशातून लाल शाईची लेखणी काढली आणि आजींच्या देखत ती चारही पाने शुद्ध करून दिली. त्या एवढेच म्हणाल्या, “सर, आमाले असंच सिकवलं भन्तेजीनं.” आम्ही त्यांना व्याकरण समजावून सांगितले.

‘समाधियामि’ ही चूक खरीच आहे. ‘समादियति’ म्हणजे स्वीकारणे, त्याचा समाधीशी संबंध नाही. पण ‘न’काराविषयी आम्ही जे केले ते आज आठवले की संकोच वाटतो. झाडीबोलीत ‘ण’ नाही, तेथे ‘न’च उच्चारतात. आणि अशोकाच्या पूर्वेकडील शिलालेखांत, म्हणजे मगधाच्या राजभाषेतही, ‘ण’ नाही, ‘न’च आहे. तथागतांनी ज्या प्रदेशात चारिका केली तेथील लोकांच्या जिभेवर तो ‘न’ असण्याचा संभव पुष्कळ आहे. आजींचा उच्चार मगधातून आला असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. तो झाडीतूनच आला. आमचा मुद्दा एवढाच की, ज्याला आम्ही शुद्धी म्हणत होतो ती छापील ग्रंथाची शुद्धी होती. आणि चुल्लवग्गातील प्रसंग तर आम्ही दरवर्षी वर्गात शिकवीत होतो : ब्राह्मणकुळातून आलेले दोन भिक्खू तक्रार करतात की नाना कुळांचे, नाना देशांचे भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवतात, ते छंदसात बांधून ठेवू या, आणि भगवान त्यांस नकार देऊन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा देतात. ‘सक’ म्हणजे कोणाची स्वतःची, बुद्धांची की शिकणाऱ्याची, यावर बुद्धघोषाचार्यांपासून आजवर मतभेद आहेत. आम्ही वर्गात दुसऱ्या अर्थाचा पक्ष घेत असू. विहारात मात्र आम्ही त्या दोन भिक्खूंच्या पंक्तीला जाऊन बसलो.

झेलियट यांचे ग्रंथ आम्ही सलगपणे वाचले ते २०१३च्या आवृत्तीनंतर. ज्या प्रकारच्या कागदांना त्या पुरावा म्हणतात, तसा कागद आपल्या हाती आला होता आणि आपण त्यावर लाल शाई ओतली, हे तेव्हा ध्यानी आले. तरीही आणखी काही वर्षे गेली. कामाच्या सबबी माणसाला पुष्कळ सापडतात. २०२१ साली आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. आजी निवर्तल्या होत्या. वही २०२०च्या ऑगस्टअखेरच्या पुरात गेली होती. त्या पुरात काठावरच्या कितीतरी घरांतील धान्य आणि कागद दोन्ही गेले.

या अनुभवाच्या प्रकाशात झेलियट यांच्या कार्यातील जी उणीव आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. धम्मस्वीकाराविषयी त्यांनी १९६०च्या दशकापासून लिहिले. राजकीय साधन म्हणून, सामाजिक प्रतिष्ठेचा आधार म्हणून, आणि १९७७च्या एका लेखात मानसिक मुक्ती म्हणून त्यांनी त्याचे विवेचन केले. या शेवटच्या लेखाचे मोल मोठे आहे. आर्थिक स्थिती फारशी पालटली नसता माणूस ताठ कसा उभा राहिला, याचे उत्तर त्यांनी मनाच्या पालटात शोधले. परंतु धम्माने काय संपविले हे त्यांनी जितके स्पष्ट दाखविले, तितके धम्माने काय सुरू केले हे दाखविले नाही. लोक पहाटे काय म्हणतात, पौर्णिमेस काय वाचतात, मरणाच्या घरी कोणता पाठ होतो, त्याचा अर्थ त्यांना काय लागतो, मूळ पाठापासून तो अर्थ कोठे सरकला आणि सरकताना त्याने काय मिळविले, हे प्रश्न त्यांच्या लेखनात क्वचितच येतात. भीमगीत त्यांना दिसले, परित्तपाठ दिसला नाही. आजींच्या वहीत ही दोन्ही एकाच शाईने लिहिलेली होती. झेलियट यांनी मागची पाने वाचली असती. आम्ही पुढची चार वाचली. पूर्ण वही कुणीच वाचली नाही.

येथे कुणी विचारील की अमेरिकेतील बाईंच्या पद्धतीची आम्हांस एवढी मातब्बरी का? आपल्यात संशोधक नाहीत काय? आहेत, आणि वसंत मून यांच्यासारख्यांनी बाबासाहेबांचे वाङ्मय गोळा करण्यात आयुष्य वेचले. पण नेत्याचे वाङ्मय जपणे आणि अनुयायांचे वाङ्मय जपणे यांत फरक आहे. पहिल्याविषयी आपण दक्ष आहोत, दुसऱ्याविषयी बेफिकीर. आमच्या परिचयाच्या एका ग्रंथालयात जुन्या जयंती-पत्रिकांचा आणि गाण्यांच्या चोपड्यांचा गठ्ठा ‘किरकोळ’ म्हणून रद्दीत गेला, तेव्हा त्याविषयी हळहळ व्यक्त करणारे आम्हीसुद्धा नव्हतो. परकीय अभ्यासकांच्या गौरवात आपल्याकडे एक प्रकारची लाचारीही असते, तिचा आम्हांस तिटकारा आहे. झेलियट यांचे मोठेपण त्या परदेशी होत्या यात नाही. आपल्या घरातील ज्या वस्तूला आपण किरकोळ म्हटले तिला त्यांनी किरकोळ म्हटले नाही, एवढेच आहे.

२०२१च्या त्या भेटीत आजींच्या सूनबाईंनी आम्हांस वहीतील गाणी मुखोद्गत म्हणून दाखविली. पन्नासांपैकी एकोणीस त्यांना आठवली. चांद्यास गेलेल्यांची नावे त्यांना सांगता आली नाहीत, तेवढी यादी कायमची गेली. गाणी संपल्यावर त्यांनी सासूबाईंच्या चालीत त्रिसरण-पंचशील म्हटले. ‘सरणं’ आमच्या दुरुस्तीप्रमाणे होते. ‘वेरमनी’ तसेच राहिले होते. तेथवर आमची लाल शाई बहुधा पोहोचली नसावी. ‘समाधियामि’ही तसेच होते. आम्ही ते सर्व जसे ऐकले तसे उतरून घेतले आहे.